आधी मीटर, मग मोटार : पुण्यात पहिली इलेक्ट्रिक कार घेताना

पुण्यात इलेक्ट्रिक गाडी घ्यायची ठरली की बहुतेक घरांत पहिला शनिवार शोरूममध्ये जातो आणि पहिली चर्चा रंगते ती छताच्या काचेवर, पडद्याच्या आकारावर आणि एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाते या आकड्यावर. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. पेट्रोलची गाडी घेताना पेट्रोल पंप कुठे आहे याचा विचार कोणी करत नाही, कारण पंप सगळ्यांचा असतो. इलेक्ट्रिक गाडीचा पंप मात्र आपल्याच पार्किंगमध्ये असावा लागतो आणि तो तिथे बसवता येईल की नाही, हे गाडीच्या कंपनीवर नव्हे तर आपल्या इमारतीच्या मीटर रूमवर, सोसायटीच्या कमिटीवर आणि महावितरणच्या जोडणीवर अवलंबून असते. म्हणून या लेखात गाडीची निवड बरीच उशिरा येते.

पहिली पायरी : आपला प्रवास मोजणे

महिनाभर रोजच्या प्रवासाची नोंद ठेवावी. त्यासाठी विशेष काही करावे लागत नाही. सध्याच्या गाडीचा किलोमीटरचा आकडा दर रविवारी लिहून ठेवला आणि गावाबाहेरचा प्रवास वेगळा मांडला तरी पुरते. कोथरूडहून हिंजवडीला किंवा हडपसरहून खराडीला रोज जाऊन येणाऱ्याचा प्रवास साधारणपणे ३० ते ५० किलोमीटरच्या आत बसतो. त्यात सिग्नल, वाहतूक कोंडी आणि हळू वेग असतो, आणि नेमक्या याच परिस्थितीत इलेक्ट्रिक गाडी सर्वांत कमी वीज खाते. गर्दीत उभ्या पेट्रोलच्या गाडीचे इंजिन चालूच राहते. मोटर मात्र थांबली की थांबते.

खरा प्रश्न वर्षातल्या लांबच्या फेऱ्यांचा असतो. नाशिक सुमारे २१० किलोमीटर, कोल्हापूर २३५ च्या आसपास, मुंबई १५०, आणि नागपूर ७०० च्या पुढे. दर महिन्याला नागपूरला गाडीनेच जावे लागणारे कुटुंब आणि वर्षातून एकदा गणपतीला कोकणात जाणारे कुटुंब यांना एकच बॅटरी लागू पडत नाही. वर्षातून दोनदाच लांब जायचे असेल, तर त्या दोन प्रवासांसाठी लाखो रुपयांची जास्तीची बॅटरी उरलेले वर्षभर वाहून नेण्यापेक्षा वाटेत अर्धा तास थांबणे किंवा त्या वेळी भाड्याची गाडी करणे स्वस्त पडते.

दुसरी पायरी : पार्किंग आणि मीटर

या पायरीवर जितका वेळ द्याल तितका पुढचा मनस्ताप वाचेल. आधी स्वतःला एक सरळ प्रश्न विचारावा : रात्री माझी गाडी जिथे उभी राहते ती जागा कायम माझीच आहे का? सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या वाड्यात राहून गाडी रस्त्यावर लावणाऱ्यांना मी आज तरी इलेक्ट्रिक कार घेण्याचा सल्ला देणार नाही. अपवाद फक्त कार्यालयात चार्जिंगची खात्रीची सोय असणाऱ्यांचा. ज्या सोसायट्यांत पार्किंगच्या जागा दर वर्षी चिठ्ठ्या टाकून बदलतात, तिथे तारेवर केलेला खर्च पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या खांबावर लटकलेला दिसेल. तेव्हा जागेचे वाटप लेखी आणि स्थिर करून घ्यावे.

त्यानंतर एखाद्या परवानाधारक वायरमनला सोबत घेऊन मीटर रूम ते पार्किंग हे अंतर प्रत्यक्ष टेपने मोजावे. पुण्यातल्या बहुतेक इमारतींत मीटर रूम तळमजल्यावर असते, ही आपल्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे. पर्याय तीन आहेत. आपल्या फ्लॅटच्याच मीटरवरून पार्किंगपर्यंत वेगळी तार ओढता येते. इलेक्ट्रिक वाहनासाठी महावितरणकडून स्वतंत्र जोडणी घेता येते. किंवा सोसायटीने सामायिक चार्जर बसवून ज्याने जितकी वीज घेतली त्याच्याकडून तितके पैसे वसूल करता येतात.

फ्लॅटच्या मीटरवरून वीज घेणे वरकरणी सोपे वाटते, पण तिथे बिलाचे टप्पे आडवे येतात. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिट अशा टप्प्यांनी वाढत जातो. महिन्याला १,००० किलोमीटर चालणारी मध्यम आकाराची गाडी, चार्जिंगमध्ये होणारी १० ते १५ टक्के गळती धरून, सुमारे १६० युनिट घेते. घराचा स्वतःचा वापर २०० युनिट असेल, तर या १६० पैकी १०० युनिट १०१ ते ३०० च्या टप्प्यात आणि उरलेले ६० त्याहून महाग टप्प्यात जातात. म्हणजे गाडीची वीज घराच्या सरासरी दराने नव्हे, तर बिलाच्या वरच्या टोकाच्या दराने पडते. वाहनासाठीच्या स्वतंत्र जोडणीचा दर असा टप्प्याटप्प्याने चढत नाही. स्वतंत्र मीटरचा स्थिर आकार मात्र दरमहा द्यावा लागतो. म्हणून आपल्या गेल्या १२ महिन्यांची बिले समोर ठेवून दोन्ही हिशेब करावेत. ज्यांचा घरगुती वापर कमी आहे त्यांना आपलेच मीटर परवडते आणि दोन एसी चालवणाऱ्यांना स्वतंत्र जोडणी. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत जी दुरुस्ती केली, तिने वाहन चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा ग्राहकाचा अधिकार स्पष्ट केला आहे, तेव्हा अर्ज करताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

आता कमिटी. सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला की तीन आक्षेप हमखास येतात : आग लागेल, सोसायटीच्या विजेवर यांची गाडी चालेल, आणि उद्या सगळ्यांनीच मागितले तर काय. पहिल्याला उत्तर असे की डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत देशात बॅटरी सुरक्षेचे निकष बरेच कडक झाले आहेत. आणि चार्जिंगच्या जागी धोका बऱ्याचदा बॅटरीपेक्षा कमी जाडीच्या तारेचा आणि सैल जोडाचा असतो, जो योग्य कामाने टाळता येतो. दुसऱ्याला उत्तर म्हणजे मीटर दाखवणे. तिसरा आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. ८० फ्लॅटच्या इमारतीत २५ जणांनी रात्री ११ वाजता एकदम ७ किलोवॉटचे चार्जर लावले तर १७५ किलोवॉटचा भार येईल आणि तो पेलण्याची तयारी जुन्या ट्रान्सफॉर्मरची बहुधा नसते. म्हणून मोठ्या सोसायटीत प्रत्येकाने आपापली तार ओढण्यापेक्षा एक सामायिक केबल ट्रे आणि भार वाटून देणारी यंत्रणा सुरुवातीलाच ठरवणे शहाणपणाचे. अर्ज करताना सेक्रेटरींच्या हाती एका पानाचा आराखडा द्यावा : तार कुठून जाणार, कोणत्या जाडीची, संरक्षक उपकरणे कोणती, काम करणारा परवानाधारक कोण, आणि नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची. तोंडी विनंतीवर महिनोन्‌महिने चालढकल होते. कागदावर निर्णय घ्यावाच लागतो.

तार, एमसीबी आणि अर्थिंग

चार्जर दोन प्रकारचे मिळतात. गाडीसोबत येणारा सुटा चार्जर साधारण ३ किलोवॉटचा असतो आणि १५ किंवा १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. भिंतीवर बसवायचा चार्जर ७.२ किलोवॉटचा असून त्याला ३२ अँपिअर लागतात. तीन फेजवरचा ११ किलोवॉटचा चार्जरही आहे, पण गाडीच्या आत कंपनीने बसवलेला चार्जर तितकी वीज घेऊ शकत असेल तरच त्याचा उपयोग.

पुण्यातल्या रोजच्या प्रवासाला लहान चार्जर पुरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्री १० ते सकाळी ८ या वेळात तो गळती वजा जाता २८ युनिटच्या आसपास वीज बॅटरीत भरतो, म्हणजे शहरात जवळजवळ २०० किलोमीटरची सोय झाली. मोठा चार्जर चांगलाच, पण त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागतो, अनामत भरावी लागते आणि तार जाड लागते. कमिटीशी वाद घालण्यात वर्ष घालवण्यापेक्षा १६ अँपिअरच्या औद्योगिक सॉकेटवर समाधान मानून गाडी वापरायला सुरुवात करणे बरे. येथे 'औद्योगिक' हा शब्द महत्त्वाचा आहे. गीझरचा साधा सॉकेट अर्धा तास पूर्ण भाराने चालण्यासाठी ठीक असतो. सलग १० तास १३ ते १५ अँपिअर वाहिले की त्याचे प्लास्टिक तपकिरी पडू लागते. पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने प्लगच्या बाहेरच्या भागाला हात लावून पाहावा. कोमट असणे स्वाभाविक आहे; हात ठेवणे नकोसे होत असेल तर चार्जिंग त्याच क्षणी थांबवून वायरमनला बोलवावे.

३२ अँपिअरच्या चार्जरसाठी तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची तार ही किमान मर्यादा समजावी. मीटर रूमपासून पार्किंग ५० मीटर असेल, तर या तारेत सुमारे ९ व्होल्टची घट होते, म्हणजे २३० व्होल्टच्या ४ टक्के. १० चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ती घट साडेपाच व्होल्टवर येते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी आपल्याकडे मुळातच दाब कमी असतो, त्यामुळे लांब अंतरासाठी जाड तारेचे पैसे वाचवू नयेत. सोबत ४० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा, 'ए' प्रकारचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. अर्थिंगबाबत गाडी स्वतःच काटेकोर असते : अर्थिंग नीट नसेल तर ती चार्जिंग सुरूच करत नाही, लाल दिवा दाखवते. अशा वेळी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून गाडीला 'फसवण्याचा' उपाय सुचवणारे महाभाग भेटतात. तसे करणे जिवावर बेतू शकते. स्वतंत्र अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) खोदून घ्यावा आणि त्याच्या रोधाचे मोजमाप कागदावर घ्यावे.

चार्जरची उंची हा पुण्यात दुर्लक्षित राहणारा मुद्दा. सप्टेंबर २०१९ मधला आंबिल ओढ्याचा पूर आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलेले पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पार्किंगमध्ये कंबरभर पाणी ही कल्पना दूरची वाटणार नाही. नदी, ओढा किंवा कालव्याजवळच्या इमारतीत आणि प्रत्येक तळघरात चार्जर शक्य तितका वर बसवावा आणि त्याचा मुख्य स्विच मीटर रूममध्ये, कोरड्या जागी ठेवावा.

तिसरी पायरी : किलोमीटरच्या आकड्याची फोड

जाहिरातीतला आकडा प्रमाणित चाचणीतून आलेला असतो. आपल्याच वेताळ टेकडीवर जिचे मुख्यालय आहे, ती एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते. चाचणी खोटी नसते, पण ती ठरावीक वेगाने, ठरावीक तापमानात, ठरावीक भाराने होते. घाट, एसी, चार माणसे आणि द्रुतगती मार्गावरचा ताशी १०० चा वेग हे सगळे तिच्या बाहेरचे. म्हणून मी तो आकडा बाजूला ठेवून बॅटरीच्या युनिटवरून (वीजबिलातलेच युनिट, म्हणजे माहितीपत्रकातला किलोवॉट-तास) हिशेब करतो. मध्यम आकाराची गाडी शहरात एका युनिटला साधारण ७ किलोमीटर आणि महामार्गावर ६ ते साडेसहा किलोमीटर देते. लांबच्या प्रवासात बॅटरी १० टक्क्यांखाली नेऊ नये आणि जलद चार्जरवर ८० टक्क्यांच्या पुढे भरत बसू नये, कारण ८० नंतर वेग एकदम मंदावतो आणि मागे रांग वाढते. म्हणजे दोन थांब्यांमध्ये ७० टक्के बॅटरी हाती राहते. नेक्सॉन ईव्हीच्या ४५ युनिटच्या बॅटरीचे ७० टक्के म्हणजे साडेएकतीस युनिट, आणि साडेसहाने गुणले की २०५ किलोमीटर. प्रमाणपत्रावरचा ४८९ हा आकडा आणि हा २०५ यांच्यातले अंतर विक्रेता सांगणार नाही. ते आपणच काढावे. घरून निघताना बॅटरी १०० टक्के असते, त्यामुळे पहिला टप्पा अर्थातच लांब पडतो.

हेच गणित इतरांना लावून पाहावे. टियागो ईव्ही २४ युनिटमध्ये मिळते, पंच ईव्ही २०२४ च्या आवृत्तीत ३५ मध्ये, विंडसर ३८ मध्ये, क्रेटा इलेक्ट्रिक ५१.४ मध्ये, आणि चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या ५९ आणि ७९ युनिटमध्ये. शहरातली दुसरी गाडी म्हणून २५ ते ३० युनिट भरपूर झाले. घरातली एकमेव गाडी असेल तर ४० च्या खाली जाऊ नये.

घाट चढताना आणि उतरताना

पुणेकराला घाट चुकत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर साडेतेराशेच्या वर. माणसांसह १,७०० किलो वजनाची गाडी ८०० मीटर वर नेण्यासाठी, शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या हिशेबाने, ३.७ युनिट ऊर्जा लागते. मोटरमधली गळती धरली तर बॅटरीतून चारच्या वर जाते. म्हणजे १२० किलोमीटरच्या प्रवासाला सपाटीवर जितकी वीज लागली असती, त्यात आणखी २५ ते ३० किलोमीटरची भर घालावी. पसरणी घाटात टक्केवारी भराभर उतरताना पाहून नवखा चालक घाबरतो, पण त्यातला बराचसा भाग उतरताना परत मिळतो, कारण उतारावर मोटर जनित्राचे काम करून बॅटरी भरते.

येथे एक बारकावा आहे. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर लावून बॅटरी १०० टक्के भरली आणि सकाळी लगेच घाट उतरायला घेतला, तर उताराची वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. मग ही पुनर्निर्मितीची ब्रेकशक्ती जवळजवळ बंद राहते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. रोज नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून गाडी हळू करण्याची सवय लागलेल्याला पहिल्याच वळणावर गाडी पुढे ढकलल्यासारखी वाटते. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर ८५ ते ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवावे. कोकणात उतरताना ताम्हिणी किंवा वरंधा घाटाची उतरण खुशीची, पण परतीच्या चढणीसाठी खालीच चार्जर शोधून ठेवावा. घाटाच्या पायथ्याशी २० टक्के घेऊन येऊ नये.

ऊन आणि थंडी

परदेशात बर्फात अडकलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या चित्रफिती पाहून आपल्याकडेही शंका विचारल्या जातात. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोच्या थंडीच्या लाटेत चार्जरपाशी लागलेल्या रांगा खऱ्याच होत्या. कारण असे की तापमान उतरले की लिथियम बॅटरीतली रासायनिक हालचाल मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. शून्याखाली वेगाने चार्ज केल्यास आतल्या ग्राफाइटवर लिथियमचा थर साचून कायमचे नुकसान होते, म्हणून गाडीची यंत्रणाच चार्जिंगचा वेग रोखते. शिवाय पेट्रोलच्या इंजिनाची वाया जाणारी उष्णता केबिन गरम ठेवायला फुकट मिळते, ती येथे बॅटरीतून काढावी लागते. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेने २०१९ मध्ये पाच गाड्यांवर केलेल्या चाचणीत, उणे ६.७ अंशांत हीटर लावल्यावर अंतर सरासरी ४१ टक्के घटले. ३५ अंशांत एसी लावल्यावर १७ टक्के. तरीही नॉर्वेसारख्या देशात २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी सुमारे ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, याचे एक मोठे कारण म्हणजे तिथे अनेकांच्या दारात चार्जर असतो आणि सकाळी निघण्याआधी, गाडी प्लगला असतानाच, बॅटरी आणि केबिन गरम करून घेतली जाते.

पाषाण किंवा शिवाजीनगरच्या ८–१० अंशांच्या पहाटेला यातले फारसे काही होत नाही. पहिले काही किलोमीटर पुनर्निर्मिती थोडी कमी वाटते, इतकेच. पण बदलीनिमित्त शिमला, श्रीनगर किंवा डेहराडूनला जाण्याची शक्यता असेल, किंवा मुलगी कॅनडात पहिली गाडी घेत असून तिला सल्ला हवा असेल, तर चार गोष्टी विचाराव्यात : केबिनसाठी हीट पंप आहे की साधा विद्युत हीटर, बॅटरी स्वतः गरम करण्याची सोय आहे का, निघण्याची वेळ आधी लावून ठेवता येते का, आणि आसने गरम होतात का. अंग गरम ठेवायला आसनाला अगदी थोडी वीज पुरते, तर पूर्ण केबिनची हवा तापवायला साधा हीटर तासाला दोन-तीन युनिटही घेऊ शकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढत असल्याने तेवढ्याच कामाला बरीच कमी वीज घेतो. थंडीत लहान लहान फेऱ्या सर्वांत महाग पडतात, कारण प्रत्येक वेळी थंडगार केबिन नव्याने तापवावी लागते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत आता एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असते. ती उष्णतेला आणि वारंवार चार्जिंगला काटक आहे, पण कडाक्याच्या थंडीत ती एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) या दुसऱ्या प्रकारापेक्षा अधिक सुस्तावते.

पुण्यात चिंता करायचीच तर एप्रिल-मेच्या उन्हाची करावी. बॅटरीला द्रव शीतन असलेलीच गाडी घ्यावी, आणि पूर्ण भरलेली गाडी दिवसभर उघड्या उन्हात उभी ठेवू नये. एनएमसी बॅटरी रोजच्या वापरात ८० टक्क्यांपर्यंतच भरावी. एलएफपी मात्र कंपनीच्या सूचनेप्रमाणे अधूनमधून १०० टक्के भरावी लागते, नाहीतर पडद्यावरची टक्केवारी हळूहळू चुकू लागते.

चौथी पायरी : पैशांचा हिशेब

समजा पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि गाडी शहरात लिटरला १४ किलोमीटर देते; किलोमीटरला ७ रुपये ४० पैसे पडतात. घरची वीज गळतीसह किलोमीटरला सुमारे १ रुपया ६० पैसे, युनिटचा दर १० रुपये धरून. फरक ५ रुपये ८० पैसे. इलेक्ट्रिक गाडी ३ लाखांनी महाग असेल तर तो फरक ५२,००० किलोमीटरला फिटतो. महिन्याला १,००० किलोमीटर चालवणाऱ्याला सव्वाचार वर्षे, ५०० चालवणाऱ्याला साडेआठहून अधिक. आणि घरी चार्जिंग नसल्याने सर्व वीज बाहेरच्या जलद चार्जरवर, १८ टक्के जीएसटीसह समजा २२ रुपये युनिटने घेतली, तर किलोमीटरचा खर्च साडेतीन रुपयांच्या जवळ जातो. सीएनजीची गाडी किलोला २२ किलोमीटर देत असेल आणि गॅस ९० रुपये किलो असेल, तर ती ४ रुपयांच्या आसपास पडते. म्हणजे घरच्या चार्जरविना इलेक्ट्रिक गाडी ही सीएनजीपेक्षा नावापुरतीच स्वस्त, आणि वर रांगेचा वेळ वेगळा.

सवलतींबाबत नीट ऐकावे. इलेक्ट्रिक कारवर जीएसटी ५ टक्के आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मोटार वाहन करातून आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथील पथकरातून माफीची तरतूद आहे. त्यासाठी फास्टॅगवर वाहनाची नोंद इलेक्ट्रिक म्हणून झाली आहे याची खात्री करावी आणि पहिल्या फेरीनंतर खात्यातून पैसे कापले गेले का ते तपासावे. कर्जाच्या व्याजावर दीड लाखांपर्यंत प्राप्तिकर सवलत मिळते असे एखादा विक्रेता अजूनही सांगतो. ती ८० ईईबी कलमाखालची सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.

बॅटरी भाड्याने आणि गाडी स्वस्तात, ही योजना घेताना किमान मासिक किलोमीटरची अट वाचावी. कमी चालवणाऱ्याला ती तोट्याची ठरू शकते. बॅटरीची हमी साधारणतः ८ वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटर असते. काही कंपन्या 'आजीवन' हमी देतात, पण ती बहुधा पहिल्या मालकापुरती असते आणि गाडी विकली की आखडते. विम्यात शून्य घसारा, बॅटरीचे संरक्षण आणि भिंतीवरच्या चार्जरचे संरक्षण ही तिन्ही कलमे मागून घ्यावीत आणि पाणी शिरून झालेल्या नुकसानीबाबत बॅटरीविषयी काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे. बॅटरीवरचे आयपी ६७ हे मानांकन एक मीटर पाण्यात ३० मिनिटे तग धरण्याच्या चाचणीचे आहे. ओढ्यातून गाडी घालण्याचा तो परवाना नव्हे. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये.

पाचवी पायरी : चाचणी फेरी

बाणेर रस्त्यावरची दहा मिनिटांची चक्कर निरुपयोगी असते. घरातली चार माणसे बसवून, एसी लावून, कात्रजचा जुना घाट चढून उतरावे आणि युनिटमागे किती किलोमीटर मिळाले ते पाहावे. पूर्ण भार असताना आपल्या सोसायटीच्या दारातला गतिरोधक गाडीचे पोट घासतो का हेही पाहावे. पुण्यातले बरेच गतिरोधक कोणत्याही प्रमाणात बसत नसल्याने ही परीक्षा कागदावर होत नाही.

मागच्या आसनावर घरातल्या ज्येष्ठांना बसवून किमान अर्धा तास फिरवावे. बॅटरी तळाशी असल्याने काही गाड्यांत मागची जमीन उंच येते, गुडघे वर राहतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही. समोर बसून चालवणाऱ्याला हे कळत नाही. आजी मात्र वाकडला पोहोचायच्या आत सांगतात. डिकी उघडून सुटे चाक आहे की नुसता पंक्चरचा संच, तेही बघावे. कोकणातल्या रस्त्यावर टायरची बाजू फाटली तर तो संच कामाचा नाही.

सेवा केंद्रात जाऊन उच्च दाबाच्या यंत्रणेवर काम करण्याचे प्रशिक्षण घेतलेले तंत्रज्ञ किती आहेत आणि आज किती गाड्या सुट्या भागांसाठी थांबल्या आहेत, हे विचारावे. उत्तरापेक्षा उत्तर देण्याची पद्धत अधिक सांगून जाते. त्याच कंपनीची गाडी वर्षभर वापरणारा एखादा मालक गाठून त्याच्याशी चहा घ्यावा.

नोंदणी, ताबा आणि पहिला महिना

चार्जिंगची जागा तयार होऊन तिची चाचणी झाल्याशिवाय गाडीचा ताबा घेऊ नये. मुहूर्त दसऱ्याचा हवा असेल तर कमिटीकडे अर्ज जूनमध्येच द्यावा. ताबा घेताना सुटा चार्जर, त्याचा अनुक्रमांक, बॅटरीच्या हमीचे स्वतंत्र कागद आणि हिरवी, पांढऱ्या अक्षरांची नंबरप्लेट तपासावी. भिंतीवरचा चार्जर 'मोफत' असला तरी बसवण्याच्या खर्चात किती मीटर तार धरली आहे ते आधीच लेखी घ्यावे; ती बहुधा कमी पडते आणि पुढच्या प्रत्येक मीटरचे पैसे वेगळे लागतात.

पहिल्या लांबच्या प्रवासाआधी दोन-तीन चार्जिंग ॲप फोनमध्ये घेऊन, खाते उघडून, थोडे पैसे भरून शहरातच एकेकदा वापरून पाहावीत. घाटात मोबाइलला नेटवर्क नसताना ओटीपीची वाट पाहण्याची वेळ येऊ देऊ नये. ज्या थांब्यावर एकच चार्जर आहे त्यावर प्रवास बेतू नये, आणि ६० किलोवॉटच्या यंत्राला दोन गन (गाडीत खुपसायचे प्लग) असतील तर दोन गाड्या लागल्यावर प्रत्येकीला ३० मिळण्याची शक्यता धरूनच वेळ काढावा. दिवाळी आणि गणपतीच्या गर्दीत साताऱ्याकडच्या रस्त्यावर रांग लागते, म्हणून त्या दिवसांत ४० टक्के उरले असतानाच मिळेल तिथे भरून घ्यावे. टायरमधली हवा दर पंधरवड्याला तपासावी. इलेक्ट्रिक गाड्या वजनदार असतात आणि हवा कमी असेल तर अंतर घटण्याबरोबर टायरच्या कडाही लवकर झिजतात.